चंद्रीचा होकार

“चंद्री इथेच राहतात ना?”

फाटकाशी उभ्या माणसाने असं विचारलं आणि प्रेमलताने आडाळ्याच्या पात्यावर धरलेला बांगडा हातातून सुटून थेट मांजराच्या पुढ्यात जाऊन पडला. मांजर कशाला सोडतंय! चाळीस वर्षांत तिला या नावाने हाक मारायची छाती दोघांनाच झाली होती, आणि त्या दोघांच्याही अंगावर तिने मासे धुतलेलं पाणी फेकलं होतं. हा तिसरा. आणि हा तर चक्क ‘राहतात’ म्हणत होता, चंद्री म्हणजे कोणी शाळेतल्या बाई असल्यासारखं.

“हय कोण चंद्री-बिंद्री नाय!” ती ओरडली. पाहुण्यांशी ती एरवी शुद्ध बोलायची, पण राग आला की जीभ आपोआप मालवणीवर यायची. “रूम हवी तर बोला.”

“रूमच हवीय काकू. मी यज्ञेश, पुण्याचा. दोन दिवसांचं बुकिंग केलंय.”

बुकिंग होतं खरं. पस्तिशीचा, चष्मेवाला, पाठीवर बॅग. पण त्याच्या हातात एक मोठा चपटा गोल डबा होता, आणि तो त्याने तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता. खोलीत गेल्यावर पंखा कुठे, पाणी कुठे हे न विचारता त्याने आधी विचारलं, “इथे ऊन येतं का? डब्याला ऊन चालत नाही.”

देवबागेत येणारे पाहुणे डॉल्फिन बघायला येतात, पॅराशूटला लटकायला येतात, सुरमई खायला येतात. डबा सावलीत ठेवायला आलेला हा पहिलाच.

दुपारी ताटावर बसल्यावर त्याने तोंड उघडलं. “काकू, रागावू नका. तुमच्यासाठीच आलोय. त्या डब्यात ‘शिवेवरली चंद्री’ आहे. आख्खा सिनेमा.”

प्रेमलताच्या हातातली सोलकढीची वाटी तिथेच राहिली.

आता हे सिनेमाचं काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं. त्र्याऐंशी साली मुंबईहून एका टेम्पोतून चौदा माणसं देवबागेत उतरली. भुताचा सिनेमा काढायचा होता. भूत व्हायला आणलेली बाई वाळूतले खेकडे बघून तिसऱ्या दिवशी पळाली, आणि मग डायरेक्टरची नजर विहिरीवर पाणी भरणाऱ्या प्रेमलतावर गेली. वीस वर्षांची, ताडमाड उंच, केस गुडघ्यापर्यंत. तिला बोलायचं काहीच नव्हतं. पांढरं लुगडं नेसून शिवेवर फिरायचं आणि शेवटी वाळूत पडायचं. घरच्यांनी हो म्हटलं, कारण सगळी वाडीच त्यात नाचत होती. तिचा पुढे नवरा झालेला भिकाजीसुद्धा.

शेवटच्या सीनमध्ये गावचा मानकरी गाऱ्हाणं घालून चंद्रीला शिवेच्या आत बांधतो, तिचा पाय पुन्हा बाहेर पडत नाही, असं होतं. मानकरी झालेला मुंबईचा नट तीनदा अडखळला. चौथ्यांदा अडखळल्यावर बाजूला उभे राहिलेले आबा तडकले. आबा म्हणजे वाडीचे खरोखरचे मानकरी. नारळीपौर्णिमेला दर्याला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. “आवशीचो घोव तुझ्या! देवाक असा बोलतत?” म्हणत त्यांनी त्या नटाच्या हातातला नारळ काढून घेतला आणि स्वतःच उभे राहिले. डायरेक्टरला काय, सोन्याहून पिवळं! कॅमेरा चालू. आबांनी खऱ्या देवाला खऱ्या नारळाने खरं गाऱ्हाणं घातलं, आणि मागे उभ्या बारा जणांनी सवयीने प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

संध्याकाळी शेजारची राधाबाई विहिरीवर छाती पिटत आली. “आबान चंद्री म्हणूच्या जागेर प्रेमा म्हटल्यान गो! माझ्या कानांनी आयकलंय मी!”

झालं. आबा म्हणाले, मी चंद्रीच म्हटलं. राधाबाई म्हणाली, प्रेमा. बायका राधाबाईच्या बाजूने, पुरुष आबांच्या. प्रेमलताला विचाराल तर तिला काहीच आठवत नव्हतं. डोळे मिटून, नाकातोंडात वाळू जाऊ न देता ती निपचित पडली होती. सिनेमा म्हणे कोल्हापुरात चार दिवस लागला आणि उतरला. मालवणात तो कधी आलाच नाही. त्यामुळे खरं काय ते बघायची सोयच उरली नाही.

आठ दिवसांनी ती आईबरोबर बांगड्या भरायला मालवणला निघाली. तारकर्लीची शीव आली आणि एसटीत तिचे पाय बर्फासारखे गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि लोकांनी उचलून परत आणली. आरोंद्याचं स्थळ आलं होतं, ते त्यामुळे मोडलं. मग घरापासून चाळीस पावलांवरच्या भिकाजीशी लग्न झालं. भिकाजी हट्टी गडी. “कसला बांधणा नि कसला काय,” म्हणून एकदा त्याने तिला सायकलवर डबलसीट घातली आणि रामेश्वराच्या जत्रेला न्यायला निघाला. शिवेवरच सायकल घसरली. प्रेमलताला खरचटलंसुद्धा नाही, भिकाजीचा पाय मात्र दोन ठिकाणी मोडला आणि तो जन्माचा लंगडा झाला. त्यानंतर तिने शिवेकडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

माणूस अशा जागेत आयुष्य कसं काढतो, म्हणाल, तर काढतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, खाली दोन्ही पाण्यांचा संगम, वर तारकर्ली. तिची मासळीची पाटी बाजारात राधाबाई नेऊन विकायची. लेक श्रिया घरातच जन्मली, सुईणीच्या हातावर. आधार कार्डाचं शिबिर शाळेत आलं म्हणून कार्ड मिळालं. मग टुरिस्ट आले, दोन खोल्या काढल्या, तर जगच दारात यायला लागलं. लोक म्हणायचे, प्रेमा नशीबवान, बसल्या जागी सगळं मिळतं. लोकांच्या जिभेला काय जातंय बोलायला!

पण सहा वर्षांपूर्वी भिकाजी मालवणच्या दवाखान्यात तीन दिवस पडून गेला, आणि ती बारा किलोमीटरवरच्या नवऱ्याला बघायला गेली नाही. चार वर्षांपूर्वी श्रियाचं पुण्यात लग्न झालं, ते तिने फोनवर बघितलं. अक्षता टाकायच्या वेळी नेमकी रेंज गेली. तिने मूठभर तांदूळ फोनवरच टाकले आणि मग पाटावर बसून हमसून हमसून रडली.

दर वर्षी नारळीपौर्णिमेच्या आधी ती आबांकडे जायची. “आबानू, सोडवणुकीचा गाऱ्हाणा घाला.” आणि दर वर्षी आबा तेच म्हणायचे, “जा बांधूकच नाय, ता सोडू कसा? माझी जीब कधी चुकूक नाय.” त्यांचंही खरं होतं. गाऱ्हाण्यात नाव चुकलेला मानकरी पुन्हा देवापुढे उभा राहत नाही, मान दुसऱ्या घरात जातो. सोडवायचं म्हणजे चूक कबूल करायची. आणि आबा मोडतील, पण वाकायचे नाहीत.

आता श्रियाला आठवा महिना होता. वार खाली आहे म्हणून डॉक्टरांनी तिला बिछान्यातून उठायची बंदी केली होती. सासू हयात नाही, नवऱ्याची नोकरी. आदल्या रविवारी ती फोनवर म्हणाली होती, “आये, आतापर्यंत मी कधी काय मागूक नाय. ह्या वेळेक तू ये. नाय इलंस तर माका परत फोन करू नको.”

“माका जमाचा नाय गो बाय,” इतकंच प्रेमलता म्हणाली, आणि पलीकडून फोन बंद झाला.

आणि अशात हा चष्मेवाला डबा घेऊन दारात.

यज्ञेशने डबा उघडून दाखवला. आत रीळ होतं, आणि मुरलेल्या लोणच्याच्या बरणीतून यावा तसा आंबट वास भपकन आला. “रीळ मरायला लागलं की हा वास येतो,” तो म्हणाला. “सांगलीकडे जत्रेत तंबू लावून सिनेमा दाखवणारे एक गृहस्थ होते, त्यांच्या गोठ्यात सापडलं. जगात ही एकच प्रिंट उरलीय काकू. एकच!”

मग त्याची गाडी सुटली. त्याच्यासारखी तीस-बत्तीस वेडी माणसं होती म्हणे, देशभरची, दोघे परदेशातले. त्यांचा फोनवर ग्रुप. जुने, पडलेले, कोणी न बघितलेले भुताचे सिनेमे जमवायचे. कोलकात्याच्या एकाकडे ‘चंद्री’चं पोस्टर, बडोद्याच्या एका डॉक्टरकडे गाण्यांची पुस्तिका, यज्ञेशकडे थिएटरबाहेर काचेत लावायचे फोटो, आठापैकी सात. आठव्यासाठी तो नऊ वर्षं झुरत होता. लग्नासाठीसुद्धा इतका झुरला नव्हता, असं बायको म्हणते.

“पण पडलेल्या सिनेमात एवढा काय बघतास?” प्रेमलताने विचारलं.

“चांगला सिनेमा सगळेच सांभाळतात काकू. हे बिचारे कोण सांभाळणार?” तो म्हणाला. “आणि यात चुकाही किती गोड! गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, आणि भुताच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा दिसतो.”

“माझ्या भावाचा ता. काढूक विसरलंय.”

यज्ञेशने हे वाक्य लगेच वहीत टिपून घेतलं. देवळातल्या पुजाऱ्याचा शब्द टिपावा तसं. प्रेमलताला मात्र त्याच्या वहीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती.

“त्यात आबांचो आवाज आसा? खरो आवाज?”

“आहे ना! पुस्तिकेत छापलंय तसं. गाऱ्हाणं कुणालाच डब करता येईना, म्हणून जागेवरचाच आवाज ठेवला. मी सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय. टीव्हीला जोडून दाखवतो.”

“आयकलंस तू? काय म्हणतत ते? चंद्री की...?”

“मला मालवणी नीटसं कळत नाही हो. पण कशाबद्दल?”

पायात चपलाही न घालता ती आबांच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पडवीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांना चादरी लावलेल्या, पुढे टीव्ही. अठ्ठ्याऐंशीचे आबा काठी टेकत आले आणि मधल्या खुर्चीत बसले. “बघूया तुझो साक्षीदार काय बोलता ता,” म्हणाले. राधाबाई अठ्ठ्याहत्तरची, पण भांडायला अजून ताजीतवानी. ती मुद्दाम समोरच्या बाकावर बसली. प्रेमलताने श्रियाला फोन लावला, आणि काय होतंय ते सांगून तो चालूच टीव्हीशेजारी ठेवला. श्रियाने उचलला, हेच पुष्कळ झालं.

सिनेमा सुरू झाला. यज्ञेश हात जोडून बसलेला. आणि त्याच्या त्या भयपटात पहिल्या दहा मिनिटांत एकही जण घाबरला नाही. “तो बघ, तो बघ, आमचो मोठो काको!” “गो बाय, ह्या माडाक तेव्हा नारळ किती होते!” चंद्री ओरडत होडीवर धावून आली, तर सगळे त्या होडीतल्या माणसांची नावं सांगायला लागले. त्यातली बहुतेक आता या जगात नव्हती. यज्ञेशला कळेना हसावं की रडावं. पडद्यावर भूत होतं आणि पडवीतली माणसं आपापली मेलेली माणसं बघून खूश होत होती.

मग शेवटचा सीन आला आणि पडवी गप्प झाली.

वाळूत पांढऱ्या लुगड्यातली प्रेमलता पडलेली. भोवती भाताचं रिंगण. समोर नारळ घेतलेले आबा, काळ्याभोर केसांचे, ताठ. मागे बारा जण, आणि त्यात उजवीकडून तिसरा भिकाजी. चोवीस वर्षांचा. दोन्ही पायांवर सरळ उभा. आपला नवरा असा ताठ उभा असायचा, हे प्रेमलता पार विसरून गेली होती.

टीव्हीतल्या आबांनी घसा साफ केला.

“बा देवा म्हाराजा! आज ही वाडयेची लेकरां तुका गाऱ्हाणा घालतत...”

“व्हय म्हाराजा!”

“ही जी चंद्री शिवेर फिरता, पोराटोरांका भियवता, तिका तू हयच बांधून घाल...”

“व्हय म्हाराजा!”

“उगवतेक खाडी, मावळतेक दर्या, खाली संगम, वर तारकर्लेची शीव. हेच्या भायर ह्या चंद्रीचो पाय पडाक देव नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

चंद्री. एकदा नाही, दोनदा. घंटेसारखं स्वच्छ.

“आयकलास?” आबा काठी आपटून उभे राहिले. एक्केचाळीस वर्षांनी ऊर भरून आला होता त्यांचा. “आयकलास सगळ्यांनी? माझी जीब! खंय गेली ती राधाबाय?”

राधाबाई बाकावर बसल्या जागी एवढीशी झाली. “माका तर तसाच आयकूक इला होता,” ती पुटपुटली. पुरुषांनी टाळ्या पिटल्या. आणि त्या गडबडीत यज्ञेशने चित्र मागे घेऊन एका जागी थांबवलं.

“काकू, हे बघा! यासाठी माझे मित्र जीव टाकतात. आमच्याकडच्या एका फोटोत हे पुसट दिसतं, त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चाललीत. या रिळाने ते सिद्ध झालं. तुमचे ओठ बघा.”

त्याने ते चित्र हळूहळू पुढे सरकवलं. बारा जण ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, आणि वाळूत मिटल्या डोळ्यांनी पडलेल्या चंद्रीचे ओठही हलत होते. व्हय म्हाराजा. लहानपणापासून दर गाऱ्हाण्याला म्हणतात तसं, नकळत.

“भूत स्वतःच्या कैदेला स्वतःच होकार देतं! अशी कल्पना कुठल्याही सिनेमात नाही,” यज्ञेश म्हणाला. “आम्ही याला ‘होकार’च म्हणतो.”

प्रेमलताने ते ओठ बघितले. सगळ्यांना वाटलं, आता हिची सुटका झाली, आता ही हसेल. पण तिला स्वतःचं नाव ऐकायचं होतं. एवढ्या वर्षांत देवाकडे तिने दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि आत्ता कळत होतं की सुटण्यापेक्षाही तिला ते नाव जास्त हवं होतं. नाव असतं तर ती बांधलेली होती. नाव नव्हतं, तर मग ती कोण? नवरा मरत असताना घरात बसून राहिलेली बाई!

“आये,” टीव्हीशेजारच्या फोनमधून श्रियाचा आवाज आला. “म्हणजे तुका कोणी बांधूकच नाय होता?”

प्रेमलताने फोन उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“मगे बाबा तीन दिस दवाखान्यात होते,” श्रिया म्हणाली, आणि तिला रडू आवरत नव्हतं, “तेव्हा तू कित्याक नाय गेलंस? ते दाराकडे बघी होते गो आये. माझ्या लग्नात तुझी खुर्ची रिकामी ठेवलेली मी. तू कित्याक नाय इलंस?”

प्रेमलता मटकन खाली बसली. “माका ठावक नाय गो,” ती म्हणाली. “माझे पाय गार पडत, ता खरा होता. मी खोटा नाय बोललंय. पण माका कोणी बांधल्यान नाय. मीच बसलंय हय. मीच.” आणि ती दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. राधाबाईने धावत जाऊन तिचे हात धरले.

आबा उभेच होते. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा फोनकडे, आणि मग कितीतरी वेळ टीव्हीतल्या त्या थांबलेल्या चित्राकडे. मग हळूच खुर्चीत बसले.

“परत लाव,” ते यज्ञेशला म्हणाले.

त्याने परत लावलं. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. गाऱ्हाणं संपलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

“ह्यो आवाज माझो नाय.”

“काय?” कोणीतरी म्हणालं.

“माझो नाय म्हणतंय मी! कान फुटले काय? मुंबयेक नेवन दुसऱ्या कोणी भरल्यान हो. पोपटासारखो बोलता मेलो.” आबांचा आवाज चढला. “मी त्या दिसा प्रेमा म्हटलंय. जीब घसारली. राधाबाय खरा बोलता. एक्केचाळीस वर्सां मी खोटा बोललंय, मान जाता म्हणान.”

भांडण जिंकल्यावर काय करायचं, हे राधाबाईला सुचेना.

“आणि ह्या बघा!” आबांनी काठीने टीव्हीकडे दाखवलं. “भूत कधी व्हय म्हणता? चंद्रीचा नाव घेतला असता तर ही कित्याक व्हय म्हणात? हिचा नाव घेतलंय, म्हणान हिना व्हय म्हटल्यान. ह्योच पुरावो. आयकलंस गो श्रिया? तुझ्या आवशीक मी बांधलंय. तिका बोल लावू नको. गाळी माका दी.”

“पण आबा,” यज्ञेश बॅगेतून पुस्तिकेची झेरॉक्स काढत म्हणाला, “पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलंय, जागेवरचाच...”

आबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग यज्ञेशची नजर प्रेमलताकडे गेली. ती जमिनीवर बसून आबांकडे टक लावून बघत होती. नऊ वर्षं ज्या सिनेमाच्या खऱ्याखोट्यासाठी हा माणूस जगभर भांडला होता, त्याचा छापील पुरावा त्याच्या हातात होता. त्याने तो घडी करून परत बॅगेत घातला.

“डबिंग असेल,” तो म्हणाला. “त्या काळी सर्रास करायचे. पुस्तिकेत काय, काहीही छापायचे.”

“तर मगे!” आबा म्हणाले. “आता आयका. आजपासून मान माझ्या घरातसून गेलो. पुढच्या पुनवेक गाऱ्हाणा कोणी घालूचा ता वाडी ठरवीत. पण ह्या एक मीच घालतलंय, कारण बांधलंय मी. नारळ हाडा.”

त्यांच्या मुलाने “बाबा, असा काय करतास?” म्हणून त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकून टाकला. प्रेमलताने स्वतःच उठून घरातला नारळ आणला. सगळे उठून अंगणात गेले, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. राधाबाईने फोन उचलून हातात धरला.

“बा देवा म्हाराजा,” आबा म्हणाले, “एक्केचाळीस वर्सांमागे ह्या जिभेन चूक केली. प्रेमा म्हणान जा काय बांधला, ता आज हीच जीब सोडता. तिका तिच्या चेडवाकडे, श्रियाकडे, जावक वाट दी. ह्या बायेन कोणाचो गुन्हो करूक नाय. गुन्हो माझो, तो माझ्याच पदरात घाल, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी म्हणाली. राधाबाईच्या हातातल्या फोनमधून, एका क्षणाच्या उशिराने, बिछान्यात पडलेल्या श्रियाचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” यज्ञेशनेही म्हटलं. प्रेमलता तेवढी काही बोलू शकली नाही. तिचं सगळं तोंड पदरात होतं.

नारळ फुटला, वाटला, माणसं पांगली. कोणी आबांकडे बघून मान खाली घालून गेलं, कोणी न बघताच गेलं. आबा अंगणाच्या कडेला एकटेच काठीने आपली चप्पल शोधत होते. प्रेमलताने ती उचलून त्यांच्या पायापुढे ठेवली आणि तशीच त्यांच्या पाया पडली.

“आबानू,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुमचो आवाज मी वळाखतंय. टीव्हीतलो तुमचोच होतो.”

आबांनी इकडे तिकडे बघितलं. चप्पल पायात सरकवली.

“वळाखतंस तर गप रव,” ते म्हणाले. “आणि बॅग भर. पुण्याची गाडी पाचाक सुटता.”